देशाचा सातबारा

आमच्या गावच्या लायब्ररीत, मुलांच्या विभागात, भिंतीवर अमेरिकेचा एक मोठा नकाशा आहे. त्याच्या निळ्या समुद्रात दर काही आठवड्यांनी नखाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या उगवायच्या. चिठ्ठीवर बारीक, इंजिनिअरी अक्षरात बेटाचं नाव आणि साल. ग्वाम, १८९८. पूर्व सामोआ, १९००. व्हर्जिन बेटं, १९१७. लायब्ररीतली बाई त्या काढून टाकायची, त्या पुन्हा लागायच्या. शेवटी तिने मला गाठलं, कारण शनिवारच्या नागरिकत्वाच्या वर्गासाठी खोली माझ्या नावावर घेतलेली असायची.

“तो उंच, खिशात पेन्सिल असलेला माणूस तुमच्यातलाच ना?”

“हो, पण तो माझं ऐकत नाही.”

“माझंही नाही. मी म्हटलं, नकाशाला काही चिकटवू नका. तर म्हणाला, मी चिकटवत नाही, राहिलेलं भरतो.”

त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. मूळचे नागपूरचे, रस्ते आणि पूल बांधणारे इंजिनिअर, शिकागोजवळच्या आमच्या या शॉमबर्गला चाळीस वर्षं राहिलेले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा निवृत्त होते. तीन वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्यांमुळे दोघं टेक्ससमध्ये फ्रिस्कोला मुलीकडे गेले आणि आमचा नकाशा स्वच्छ राहायला लागला.

बाकी सगळ्या बाबतीत ते अत्यंत सरळ गृहस्थ होते. टॅक्स सर्वांत आधी भरायचे. कोर्टात ज्यूरी म्हणून बसायचं पत्र आलं की लोक वैतागतात. काका इस्त्रीचा शर्ट काढायचे. चार जुलैला घरावर झेंडा लावायचे, शेजारच्या म्हातारीच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचे, मत द्यायला टाय लावून जायचे. फक्त या देशाने समुद्रापलीकडे काय काय आणि कसं कसं घेतलं, हा विषय निघाला की त्यांचं घड्याळ थांबायचं. विषय निघाला नाही तर ते काढायचे.

मंडळाच्या गणपतीत कोणी म्हणालं, “काका, स्प्रिंग ब्रेकला हवाईला चाललोय,” की काका शांतपणे विचारायचे, “राणीला विचारलंत का?” मग ताटातला मोदक गार होईपर्यंत गोष्ट. तिथे खरोखरीची राणी होती. ऊसवाल्या अमेरिकन व्यापाऱ्यांना ती अडचणीची वाटली. किनाऱ्यावर अमेरिकन युद्धनौकेचे सैनिक उतरले आणि राणी गादीवरून गेली. १८९३. पुढे पाच वर्षांनी बेटं अमेरिकेच्या नावावर. आमच्याकडे लोक हवाईला गुपचूप जाऊन यायला लागले. आम्हीही गेलो. नवऱ्याने फोटो टाकायला काढले तेव्हा मी म्हटलं, “आत्ता नको, काकांचं जेवण आहे रविवारी आपल्याकडे.”

एकदा कोणीतरी त्यांना सरळ विचारलं, “काका, इतका राग आहे तर इथे राहता कशाला?”

“राग कुठे आहे? तू घर घेतलंस तेव्हा टायटल तपासलंस की नाही? कोणाचं होतं, कोणी विकलं, कोणाचा बोजा आहे?”

“तपासलं.”

“मग मी देशाचा सातबारा वाचतोय. घर आवडलंय म्हणूनच वाचतोय.”

काकूंचं मत वेगळं होतं. “यांनी जन्मात एकच लांबचं काम घेतलं, ग्वामचं,” त्या म्हणायच्या. “तिथून लोक शंख-शिंपले आणतात. आमच्याकडे हा विषय आला.”

ते खरं होतं. तरुणपणी त्यांच्या कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी ग्वामला पाठवलं होतं, एक रस्ता रुंद करायला. तिथे त्यांच्या हाताखाली तिथलाच एक सर्व्हेअर होता. मोजणी करत ते तारेच्या कुंपणापर्यंत आले, पलीकडे लष्कराचा तळ. सर्व्हेअरने हात लांब करून दाखवलं, ते फणसाचं झाड दिसतं ना, तिथून डावीकडे माझ्या वडिलांचं शेत. मग त्याने काकांना विचारलं, तू नागरिक होणार का? काका म्हणाले, अर्ज केलाय. तो म्हणाला, छान, तू इलिनॉयला जाऊन राष्ट्राध्यक्षाला मत देशील. मी जन्मापासून नागरिक आहे, पण इथे राहून मला ते देता येत नाही.

काका हे सांगायचे तेव्हा आवाज चढवत नसत. “मी आलो, पेपर दिला, मला मत. तो तिथेच जन्मला, त्याला नाही. यात मी काय करणार? मी निदान माहीत करून घेतो.”

आमच्या वर्गाचं काम आम्ही वाटून घेतलं होतं. इंजिनिअर मुलांकडे येऊन राहिलेले आईवडील हे आमचे विद्यार्थी. अर्ज, तारखा, झेरॉक्स, कोणाचा इंटरव्ह्यू कधी, कोणाला ऐकू कमी येतं, हे सगळं माझ्याकडे. शिकवणं काकांकडे. मला ते “सेक्रेटरी” म्हणायचे.

परीक्षा तशी सोपी असते. सरकार प्रश्नांची यादी उत्तरांसकट आधीच देतं. ऑफिसर त्यातले काही तोंडी विचारतो, इंग्रजीचं एखादं वाक्य वाचायला-लिहायला देतो आणि मग तुमच्या अर्जातले हो-नाही प्रश्न एकेक करून वाचतो. बहुतेक उत्तरं एका शब्दाची. म्हणून मी फळ्यावर दर शनिवारी लिहायची: विचारलं तेवढंच सांगा. काका आले की ते न पुसता खाली लिहायचे: माहीत मात्र सगळं हवं.

त्या यादीत एक प्रश्न होता, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या एका प्रदेशाचं नाव सांगा. पाच नावांपैकी कोणतंही एक चालतं. माझ्या वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं होती. काकांनी तीन शनिवार घेतले.

पहिल्या शनिवारी पक्ष्यांची विष्ठा. दीडशे वर्षांहून जुना एक कायदा आहे, ते म्हणाले, आजही पुस्तकातून काढलेला नाही. मालक नसलेल्या एखाद्या बेटावर अमेरिकन माणसाला पक्ष्यांच्या विष्ठेचे साठे सापडले, तर ते बेट देशाच्या नावावर लावता येतं. खत म्हणून सोन्यासारखी मागणी होती. मागे तासगावचे द्राक्षबागाईतदार आजोबा बसायचे. ते वर्गात कधी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

“एकरी किती टाकत होते?”

काका इतके खूश झाले की पुढच्या शनिवारी शोधून, लिहून घेऊन आले.

दुसऱ्या शनिवारी ग्वाम. स्पेनशी युद्ध सुरू झालेलं, पण ग्वामवरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना पत्ताच नव्हता. अमेरिकन जहाज आलं, त्याने तोफा डागल्या. अधिकाऱ्यांना वाटलं सलामी आहे. ते होडीत बसून आले आणि म्हणाले, माफ करा, उलट सलामी द्यायला आमच्याकडे तोफेची दारू शिल्लक नाही. तेव्हा त्यांना कळलं की युद्ध चालू आहे आणि आपण कैदी आहोत. वर्ग पोट धरून हसला. काका हसणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, “आणि बेटावर जे लोक पूर्वीपासून राहत होते, त्यांना कोणी काहीच विचारलं नाही.”

पहिल्या बाकावर माझी आई होती. ती वहीत लिहून घेत होती. तिसऱ्या शनिवारी हवाईची राणी, पोर्तो रिको आणि फिलिपीन्स, तेही तिने तसंच उतरवून घेतलं.

आई मिरजेच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. काका तिला “बाई” म्हणायचे आणि ती त्यांना “इंजिनिअरसाहेब”. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली, ग्रीन कार्ड झालं, पण जीव मिरजेत. तिची धाकटी बहीण, आमची माई मावशी, तिथे एकटी. दर वर्षी आई चार-पाच महिने जाऊन यायची. नागरिकत्वाचा अर्ज तिने माझ्या आग्रहाखातर केला होता. मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आणि आईला अर्जाचं महत्त्व एकदम पटलं, कारण ग्रीन कार्डावर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिली तर सगळं पहिल्यापासून. नागरिक झाली की ती हवी तितकी राहू शकत होती.

मी म्हटलं, “आई, दोन आठवडे जाऊन ये. इंटरव्ह्यूच्या आत परत.”

“पाहुणी म्हणून नाही जायचं मला,” ती म्हणाली. “ती उठेपर्यंत किंवा जाईपर्यंत राहायचंय. मधेच ‘माझी तारीख आहे’ म्हणून तिला सोडून नाही यायची मी.”

तेव्हा सगळं त्या एका तारखेवर होतं. मी यादी केली. पास झाली की दोन-तीन आठवड्यांत शपथ, मग पासपोर्ट, व्हिसा, तिकीट. नीट धरलं तर दीड महिन्यात मिरज. मिरजेची शेजारीण रोज संध्याकाळी फोन करायची. मावशी जेवत नाही. मावशी दाराकडे बघत असते.

इंटरव्ह्यू शिकागोला होता. मी बाहेर बसले. आई आत गेली ती चाळीस मिनिटांनी आली, हातात एक कागद. चेहरा शांत. मला वाटलं झालं.

“सगळे प्रश्न बरोबर आले,” ती म्हणाली. “एकही चुकला नाही.”

मी कागद वाचला. त्यावर होतं की निर्णय आत्ता देता येत नाही, पुन्हा बोलावू. पुन्हा म्हणजे दोन-तीन महिने.

काय झालं ते गाडीत कळलं. इतिहासाचे प्रश्न संपले होते. ऑफिसरबाई अर्जातले प्रश्न वाचत होती. कधी अटक झाली? नो. कधी टॅक्स चुकवला? नो. कोणतंही सरकार बळाने उलथून टाकायला तुम्ही कधी पाठिंबा दिलाय का?

“मी म्हटलं, नो,” आई म्हणाली.

“मग?”

“मग मला वाटलं, उत्तर अपुरं राहिलं. एका शब्दाला पाच गुण कोण देतं? म्हणून म्हटलं, आय, नो. बट इन हवाई, येस.”

मी गाडी कडेला घेतली.

“ती म्हणाली, हवाईमध्ये तुम्ही होतात? मी म्हटलं, नॉट मी. यू.”

“आई!”

“खरं तेच सांगितलं. साल सांगितलं, राणीचं सांगितलं. ती म्हणाली, प्रश्न पुन्हा विचारू का? मी म्हटलं, प्रश्न कळलाय, उत्तर पूर्ण होऊ द्या. चांगली होती बिचारी. पण तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, तुम्हाला प्रश्न नीट समजतायत का याची मला खात्री वाटत नाही.”

मी पुन्हा गाडी काढली. घराजवळ आल्यावर आई म्हणाली, “माईला काय सांगू?”

त्या आठवड्यात मी काकांशी बोलायचे मुद्दे लिहून ठेवले. चार होते. फोन करायच्या आधीच, शनिवारी सकाळी, दाराची बेल वाजली. आमच्या भागात न कळवता कोणी येत नाही. दारात काका, बुटांना बर्फ, टोपी हातात. आत येऊन चटईवरच उभे राहिले.

“बाईंनी रात्री काकूला फोन केला होता. कळलं मला. तुम्ही मुद्दे काढले असतील.”

“काढलेत.”

“वाचा.”

मी फ्रिजवरचा कागद काढला आणि वाचला. एक, तुम्ही परीक्षेसाठी लोकांना तयार करत नाही, स्वतःच्या समाधानासाठी शिकवता. दोन, त्याची किंमत तुम्ही नाही, ते मोजतात. तीन, पुढच्या इंटरव्ह्यूपर्यंत वर्ग मी घेणार. चार, आईशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही.

त्यांनी मान हलवली. “बरोबर आहेत. पाचवा घाला. बाईंची तयारी मी करून घेणार.”

“चौथा मुद्दा ऐकलात ना?”

“ऐकला. इतिहासाचं अक्षर नाही काढणार. फक्त ‘नो’ म्हणायला शिकवणार. माझ्यामुळे जे जास्तीचं शिकलं गेलं, ते मलाच परत घेऊ द्या.”

ते नऊ आठवडे मंगळवार-शुक्रवार आले. डायनिंग टेबलावर समोरासमोर बसायचे. काका ऑफिसरच्या आवाजात प्रश्न वाचायचे. आई म्हणायची “नो”. मग तिचं तोंड पुन्हा उघडायचं आणि काका पेन्सिल टेबलावर टेकवायचे. तोंड मिटायचं. पहिल्या आठवड्यात पेन्सिल दर प्रश्नाला वाजायची. त्या हवाईच्या प्रश्नाला तर ते स्वतःच अडखळायचे, एकदा वाचून खिडकीबाहेर बघत बसले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांचे मोदक गार केले, ती गोष्ट ते एका बाईला गिळायला शिकवत होते.

शेवटच्या शुक्रवारी आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला.

“इंजिनिअरसाहेब, चेहरा पाडून बसू नका. माझ्या शाळेतल्या हुशार मुली पेपरात सगळं नाही लिहायच्या. लिहिलं नाही म्हणजे येत नाही, असं मी कधी धरलं नाही.”

“बाई, तुम्ही पास व्हा. बाकी मला काही नको.”

“ते होतेच मी.”

दुसऱ्या वेळी काका आमच्याबरोबर शिकागोला आले. आत आले नाहीत, पार्किंगमध्ये गाडीतच बसले. आई वीस मिनिटांत बाहेर आली. पास. मी तिथल्या तिथे शपथेच्या तारखेचं विचारून घेतलं. मी गाडी रस्त्यावर आणली. मग काकांनी मागे वळून विचारलं.

“तो प्रश्न आला?”

“आला.”

“मग?”

“नो.”

“बस?”

“बस. तीच ऑफिसर होती. माझ्याकडे बघत राहिली, पुढे काही येतंय का म्हणून. मी नाही दिलं तिला.”

काका समोर वळले. विमानतळाच्या फाट्यापर्यंत ते हसत होते, आवाज न करता. खांदे हलताना मला दिसत होते.

मिरजेला जायला आईला व्हिसा लागला. कागद हातात घेऊन ती दोन मिनिटं बघत बसली. काका म्हणाले, “बाई, आता तुम्ही मिरजेत परदेशी.” ती म्हणाली, “माईला सांगू नका, तिला चालायचं नाही.” माझ्या यादीपेक्षा तीन महिने उशिरा ती मिरजेला पोचली. शेजारणीने दार उघडलं, आणि मावशी दाराकडेच बघत होती, असं आईने त्या दिवशी फोनवर सांगितलं. त्याहून जास्त नाही सांगितलं.

त्यानंतर वर्ग काकांकडे परत गेला. मीच दिला. शनिवारी वर्गाच्या आधी, सकाळी नऊला, मी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये थांबून आईला फोन लावायची. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. एका शनिवारी काका शेजारी उभे होते. मी फोन स्पीकरवर ठेवला.

“कशी आहे मावशी?”

“आहे तशीच. डॉक्टर म्हणतात, काही महिने. पण जेवायला लागलीय. बोलता येत नाही, समजतं सगळं. गावातल्या बातम्या संपल्या, शेजाऱ्यांची उणीदुणी काढून झाली. आता रोज दुपारी तिला एक बेट सांगते. ते सांगितल्याशिवाय ती घास घेत नाही.”

“बेट?”

“माझी वही आणलीय ना मी. हवाईच्या राणीच्या वेळी तिने डावा हात वर केला. मला वाटतं शिवी दिली.”

काका पुढे वाकले. “बाई, नमस्कार. कुठवर आलात?”

“अहो इंजिनिअरसाहेब! ग्वाम झालं, पोर्तो रिको झालं, पक्ष्यांचंही झालं. ते तिला फार आवडलं. आता फिलिपीन्स. ते दोन दिवसांत उरकते. पण मग वही संपते हो माझी. पुढे काय सांगू तिला?”

काकांनी खिशातली पेन्सिल काढली. वर्गाची वेळ झाली होती. तासगावचे आजोबा काचेच्या दाराआतून आमच्याकडे बघत होते.

“बाई, फिलिपीन्स उरकायचं नसतं,” काका म्हणाले. “सात हजारांच्या वर बेटं आहेत तिथे. रोज एकच घ्या.”

मी मनात भागाकार केला. एकोणीस वर्षं आणि वर थोडे दिवस. मावशी अठ्ठ्याहत्तरची होती.

“सगळ्यांची नावं आहेत तुमच्याकडे?” आईने विचारलं.

“नाहीत,” काका म्हणाले. “पाठवतो.”

त्या दिवशी वर्ग मी घेतला. ते शेवटच्या रांगेत बसून यादी लिहीत होते.